लिनक्स मिंट : मशीन चालू होताच दुसरं पार्टिशन आपोआप माउंट कसं करायचं?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी, ऐरोलीहून लिहितेय. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या जुन्या डेस्कटॉपला ११ झेपत नाही म्हणून मिंट टाकून घेतलं, सिनेमनवालं. विंडोज काढलेलं नाहीये, अल्बम डिझाइनचं एक सॉफ्टवेअर फक्त तिथेच चालतं. एसएसडीवर विंडोज आणि मिंट दोन्ही, आणि वेगळी २ टीबीची हार्डडिस्क आहे तिच्यावर एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) मधलं एक मोठं पार्टिशन, नाव "फोटो". मी पक्ष्यांचे फोटो काढते, फ्लेमिंगो आले की खाडीवर नाहीतर सीवूड्सच्या डीपीएस तलावाला पडीक असते, त्यामुळे रॉ फाइली भरपूर.

आता त्रास असा की मशीन चालू केलं आणि सरळ डार्कटेबल (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की सगळ्या फोटोंच्या जागी कवट्या. खरोखरच्या कवट्या, त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सापडली नाही की कवटीचं चित्र येतं. मग ते बंद करायचं, निमो (मिंटचा फाइल मॅनेजर) उघडायचं, डावीकडे "फोटो"वर क्लिक करायचं, मग परत डार्कटेबल. रोज. विंडोजमध्ये डी ड्राइव्ह आपला कायम असायचा, कधी विचारच करावा लागला नाही. ही डिस्क आपोआप जोडली जावी, म्हणजे माउंट व्हावी, असं काही सेटिंग आहे का?

आणि दुसरं, कधीकधी क्लिक करून डिस्क उघडते, फोटो दिसतात, पण काही सेव्ह होत नाही, "रीड ओन्ली" म्हणतं. नेहमी नाही, कधीतरीच. दोन्हीचा संबंध आहे का माहीत नाही. टर्मिनलची भीती नाही पण सवयही नाही.

नौपाड्याचा_नाना

ताई, सोप्पं आहे, टर्मिनलमध्ये अजिबात जाऊ नका. मेन्यूत "डिस्क्स" नावाचं अ‍ॅप आहे ते उघडा, डावीकडे २ टीबीवाली डिस्क निवडा, उजवीकडे पार्टिशनच्या पट्टीवर क्लिक करा, खाली दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल, त्यात "एडिट माउंट ऑप्शन्स". वरचं "युजर सेशन डिफॉल्ट्स" बंद करायचं, "माउंट अ‍ॅट सिस्टम स्टार्टअप" चालू आहे ना बघायचं, ओके, पासवर्ड, झालं. चहा उकळेपर्यंत होतं.

सेक्टर१७

झाला नानांचा दातेरी चाकाचा धडा सुरू 😄 नाना, तुम्ही लिनक्स वापरता की डिस्क्स अ‍ॅप वापरता?

नौपाड्याचा_नाना

लिनक्स वापरतो म्हणूनच सांगतोय बाळा, तू दर महिन्याला नवीन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा नवा अवतार, टाकतोस, आम्ही टाकलेली वापरतो.

वागळे_इस्टेट_वाला

नानांचा उपाय बरोबर आहे, चालेल. पण ते अ‍ॅप आतून करतं काय ते ताईंनी समजून घेतलेलं बरं, कारण पुढे डिस्क बदलली, फॉरमॅट केली, नवीन लावली, की हेच सगळं परत उभं राहणार आणि तेव्हा काय बिघडलंय ते कळायला हवं. (इथे सगळं देवनागरीतच उमटतं त्यामुळे कमांड उच्चारून लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.)

ईटीसी फोल्डरमध्ये एफएसटॅब नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. कुठली डिस्क कुठे जोडायची हे त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. मशीन चालू होताना सिस्टमडी (सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम) ही फाइल वाचतं, प्रत्येक ओळीचं माउंट युनिट, म्हणजे जोडायचं एक काम, बनवतं आणि त्याप्रमाणे जोडत जातं. डिस्क्स अ‍ॅपमध्ये तुम्ही ओके दाबलं की ते याच फाइलमध्ये एक ओळ घालतं, बाकी जादू काही नाही.

ओळीत सहा गोष्टी असतात. आधी डिस्कची ओळख, मग कुठल्या फोल्डरवर जोडायची, मग फाइलसिस्टमचा प्रकार, मग ऑप्शन्स (सगळी मजा इथे), आणि शेवटी दोन आकडे. त्यातला पहिला डंप नावाच्या जुन्या बॅकअपसाठीचा, तो शून्यच ठेवा. दुसरा म्हणजे चालू होताना डिस्क तपासायची का, तर रूटला (लिनक्स ज्यावर आहे त्या मुख्य पार्टिशनला) १, बाकी लिनक्सच्या पार्टिशनना २, आणि एनटीएफएसला शून्य, कारण ते तपासणं विंडोजचंच काम.

ओळख म्हणून एसडीए१, एसडीबी१ असलं काही लिहू नका, इंटरनेटवर जुन्या लेखांत ते सर्रास दिसतं. ती नावं म्हणजे ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमधली सीट आहे, आधी चढला त्याची. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एखादी पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलंत तर एसडीसी होऊ शकते. म्हणून यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वापरायचा. तो फॉरमॅट करताना पार्टिशनवर लिहिला जातो आणि परत फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही, केबल कुठल्याही पोर्टला लावा. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके डॅश एफ टाका, सगळ्या पार्टिशनांपुढे दिसेल. ईएक्सटी४चा (ही लिनक्सची फाइलसिस्टम) लांबलचक असतो मध्ये डॅश असलेला, एनटीएफएसचा सोळा अक्षरी, पेनड्राइव्हच्या फॅटचा तर छोटासा चार-चार अक्षरांचा, त्यामुळे लांबी वेगळी दिसली म्हणून घाबरू नका.

खाडीपलीकडची

दिसला! सोळा अक्षरी. मग ओळ कशी लिहायची? आणि ते रीड ओन्लीचं?

टर्मिनलताई

रीड ओन्लीचं आधी बघूया कारण ते न सोडवता एफएसटॅबमध्ये ओळ घातलीस तर डिस्क आपोआप जोडली जाईल पण आपोआप रीड ओन्ली जोडली जाईल 🙂

एक सांग, ज्या दिवशी असं होतं त्याच्या आधी तू विंडोज वापरून शटडाउन केलेलं असतंस का? माझी पैज आहे की हो.

विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाचा प्रकार आहे आणि तो बहुतेक मशीनवर मुळातच चालू असतो. तू शटडाउन दाबतेस तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, तुझे प्रोग्राम बंद करतं पण कर्नलची (स्वतःच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर साठवून झोपतं, म्हणजे अर्धं हायबरनेट. त्या वेळी त्याने जोडलेल्या सगळ्या एनटीएफएस पार्टिशनांची माहिती, नुसत्या सी ड्राइव्हची नाही, त्याच्या डोक्यात तशीच अर्धवट राहते. मग मिंटने त्याच डिस्कवर काही लिहिलं आणि नंतर विंडोज जागं होऊन जुन्या माहितीवर काम करू लागलं तर फाइली खराब व्हायच्या. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर शहाणपणा करतो, डिस्क असुरक्षित अवस्थेत दिसली की फक्त वाचायला देतो. त्याच्यावर चिडू नकोस, तो तुझे फ्लेमिंगो वाचवतोय.

उपाय विंडोजमध्ये. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "पॉवर बटण काय करतं ते निवडा", तिथे वर एक निळी लिंक असते ती दाबल्याशिवाय खालचे खुणेचे चौकोन हलत नाहीत, ती दाबून "फास्ट स्टार्टअप"ची खूण काढ, सेव्ह कर. मग एकदा नीट शटडाउन कर. घाईत असलीस आणि खूण काढायची राहिली तर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून मिंट निवड, रीस्टार्टला विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

डार्कटेबल वापरतेस म्हणून अजून एक. ते प्रत्येक रॉ फाइलच्या शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल लिहितं ज्यात तू केलेलं एडिटिंग असतं. डिस्क रीड ओन्ली असताना केलेलं एडिटिंग त्या फाइलीत गेलेलंच नसणार, फक्त तुझ्या होममधल्या लायब्ररीत असेल. डिस्क नीट लिहिती झाली की त्या दिवसांचे फोटो निवडून "राइट साइडकार फाइल्स" एकदा दाबून घे.

खाडीपलीकडची

ताई पैज जिंकलीस. अल्बमचं काम विंडोजात करून रात्री बंद करते आणि दुसऱ्या दिवशीच हे होतं. हे मला दुकानदारानेही सांगितलं नव्हतं आणि यूट्यूबवर तर एकाने "एनटीएफएसफिक्स मारा, सुटलं" असं सांगितलं होतं, तेही वाचून ठेवलं होतं.

टर्मिनलताई

एनटीएफएसफिक्स सारखं मारत बसू नकोस. नाव "फिक्स" असलं तरी ते जुजबी चुका निस्तरतं आणि विंडोजने पुढच्या वेळी डिस्क तपासावी अशी खूण करून ठेवतं, विंडोजच्या चेकडिस्कची जागा ते घेऊ शकत नाही. मूळ कारण तिकडे आहे तर तिकडेच मिटव.

घोडबंदर_रोड

सगळं वाचून एकच प्रश्न पडतो, विंडोजमध्ये जे न विचारता होतं त्यासाठी इथे ही सगळी दगदग का? माणसाने फोटो काढायचे की फाइली एडिट करायच्या?

वागळे_इस्टेट_वाला

प्रश्न रास्त आहे, टोमणा असला तरी. विंडोज जे दिसेल ते जोडतं, लिनक्समध्ये मुळात गृहीत असं की मशीनवर अनेक जण असतील, कुठली डिस्क कोणाला दिसावी हे मालकाने ठरवावं. त्यामुळे फक्त इन्स्टॉल करताना सांगितलेली पार्टिशनं आपोआप येतात, बाकीची तुम्ही क्लिक केल्यावर, तेही तुमच्या लॉगिनपुरती. एकदा ओळ घातली की परत बघावं लागत नाही. ताईंनी इन्स्टॉल करतानाच त्या पार्टिशनला फोल्डर नेमून दिला असता तर इन्स्टॉलरनेच ओळ घातली असती, पण ते तिथे कोणी सांगत नाही हेही खरं.

आता ओळ. आधी फोल्डर करून घ्या, सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/फोटो (सुडो म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवणं), फोल्डरचं नाव रोमनमध्ये आणि मध्ये स्पेस न देता. स्पेस असलेलं नाव एफएसटॅबमध्ये तसंच लिहिलंत तर ते स्पेसच्या पुढचं सगळं पुढचा रकाना समजतं, तिथे उलटी तिरकी रेघ आणि ०४० लिहावं लागतं, कशाला नाही ते उद्योग.

मग फाइलची एक कॉपी काढा आणि सुडो नॅनोने (टर्मिनलमधला साधा एडिटर) मूळ फाइल उघडा. आधीच्या ओळींना हात लावू नका, अगदी शेवटी ही ओळ :

यूयूआयडी=तुमची-सोळा-अक्षरं /एमएनटी/फोटो एनटीएफएस-३जी डिफॉल्ट्स,नोफेल,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,विंडोज_नेम्स ० ०

रकान्यांमध्ये स्पेस किंवा टॅब, पण ऑप्शन्सच्या आत स्वल्पविरामानंतर स्पेस नको. इथेच सगळ्यात जास्त लोक गंडतात.

यूआयडी १००० म्हणजे मिंटमधला पहिला युजर, बहुधा तुम्हीच, जीआयडी म्हणजे त्याचा ग्रुप, "आयडी" ही कमांड टाकून खात्री करा. एनटीएफएसवर लिनक्सची मालकी साठवलेली नसते म्हणून ती इथून सांगावी लागते, नाहीतर कोणाच्या नावावर काय चढेल ते ड्रायव्हर ठरवणार. यूमास्क=०२२ म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचायला. विंडोज_नेम्स म्हणजे विंडोजला न चालणारी अक्षरं, कोलन किंवा प्रश्नचिन्ह वगैरे, फाइलच्या नावात येऊच द्यायची नाहीत, तुम्ही दोन्हीकडून वापरता म्हणून घातलंय.

सेक्टर१७

एनटीएफएस-३जी ड्रायव्हर का पण? कर्नलमध्ये एनटीएफएस३ आलाय की, ५.१५ पासून, २०२१ ला. कर्नलबाहेर फ्यूजवर चालणाऱ्या ३जीपेक्षा कितीतरी फास्ट.

वागळे_इस्टेट_वाला

फास्ट आहे, मान्य. पण डिस्क जरा डर्टी (नीट बंद न झालेली) दिसली की तो जोडायलाच नकार देतो, ३जीवाला निदान रीड ओन्ली तरी देतो. ज्यांच्या मशीनवर विंडोजही नांदतंय त्यांना मी तूर्त ३जीच सांगतो. फोटो वाचायला तिचा वेग पुरतो, हार्डडिस्कच मुळात हळू आहे.

टर्मिनलताई

नोफेलबद्दल थांबून सांगते कारण सगळ्या ओळीत तोच शब्द जिवाचा आहे. तो नसेल आणि कधी ती डिस्क सापडली नाही, केबल सैल झाली, डिस्क मेली, कोणी फॉरमॅट केली, यूयूआयडीत एक अक्षर चुकलं, काहीही, तर मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर "स्टार्ट जॉब इज रनिंग" अशी ओळ येते, डाव्या बाजूला लाल चांदण्या इकडून तिकडे पळत राहतात आणि शेजारी घड्याळ मोजत बसतं दीड मिनिटापर्यंत. दीड मिनिट संपलं की डेस्कटॉप येत नाही, "इमर्जन्सी मोड" येतो. एका फोटोंच्या डिस्कपायी अख्खं मशीन दारात उभं. नवख्या माणसाला वाटतं लिनक्सच उडालं आणि तो परत इन्स्टॉल करायला घेतो, तेही बऱ्याचदा डेटावर.

उडालेलं काही नसतं. तिथे एंटर दाबून किंवा रूट (अ‍ॅडमिन) पासवर्ड देऊन आत जायचं, माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू आणि पुढे एक तिरकी रेघ, म्हणजे रूट लिहिता येतं, मग नॅनोने एफएसटॅब उघडून नव्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह घालायचं, सेव्ह, रीबूट. मशीन परत जागेवर.

नोफेल असला की डिस्क नसली तरी मशीन तिच्यासाठी खोळंबत नाही, पुढे जातं. नानांचं डिस्क्स अ‍ॅप नोफेल स्वतःहून घालतं, हे मात्र त्याच्या बाजूने बोललंच पाहिजे.

नौपाड्याचा_नाना

लिहून ठेवा रे हे. टर्मिनलताईंनी डिस्क्स अ‍ॅपची बाजू घेतली.

टर्मिनलताई

नाना, जास्त उड्या नकोत, तुमचं अ‍ॅप यूआयडी आणि यूमास्क घालत नाही, ते हातानेच लिहावं लागतं त्या खालच्या चौकटीत 😄

आणि ताई, ओळ लिहून झाली की लगेच रीबूट करू नकोस. आधी निमोमधून "फोटो" अनमाउंट कर, मग सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, मग सुडो फाइंडएमएनटी आणि पुढे दोन डॅश व्हेरिफाय. ही कमांड एफएसटॅब वाचून चुका दाखवते, फोल्डरच नाही, असा यूयूआयडीच नाही, वगैरे. ती समाधानी झाली की सुडो माउंट डॅश ए. यात फाइलमधलं जे जोडायचं राहिलंय ते सगळं जोडलं जातं, म्हणजे मशीन चालू होताना जे होणार त्याची रंगीत तालीम. इथे काही बोंब झाली तर तुझ्या हातात चालू डेस्कटॉप आहे, इमर्जन्सी मोड नाही.

खाडीपलीकडची

माउंट डॅश ए गुपचूप पार पडलं, काहीच बोललं नाही, म्हणजे चांगलंच ना? रीबूट केलं, डिस्क आली, लिहिता पण येतंय. पण डार्कटेबलमध्ये परत कवट्या!! आता तर डिस्क जोडलेली आहे!

टर्मिनलताई

काहीच न बोलणं म्हणजे चांगलंच. कवट्यांचं कारण वेगळं. तू क्लिक करून उघडायचीस तेव्हा डिस्क /मीडिया/तुझं नाव/फोटो इथे जोडली जायची, आता ती /एमएनटी/फोटो इथे आहे. डार्कटेबल प्रत्येक फोल्डरचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतं, त्याच्या लेखी जुन्या पत्त्यावर कोणी राहत नाही.

दोन रस्ते. एक, डार्कटेबलमध्ये डावीकडे कलेक्शनमध्ये फिल्म रोलवर राइट क्लिक करून "सर्च फिल्म रोल", नवीन जागा दाखव. रोल पुष्कळ असतील तर कंटाळा येईल. दुसरा, एफएसटॅबमध्ये फोल्डरचा पत्ता बदलून जुनाच लिही. तो फोल्डर कायमचा करावा लागेल, आणि उद्या युजरनेम बदललं किंवा नवीन मशीन घेतलं की परत हेच. मी असते तर एकदाच बसून पहिला रस्ता धरला असता, पुढे कुठल्याही मशीनवर /एमएनटी/फोटो तोच राहतो. वॉलपेपर, गाण्यांच्या याद्या, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट यांचंही असंच असतं.

सेक्टर१७

एक टीप माझ्याकडूनही. दुसरी डिस्ट्रो टाकताना इन्स्टॉलर तुमचं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायचं) पार्टिशन न विचारता परत फॉरमॅट करतो कधीकधी, मग त्याचा यूयूआयडी बदलतो आणि जुन्या डिस्ट्रोच्या एफएसटॅबमध्ये जुनाच राहतो. जुनी डिस्ट्रो मग चालू होताना त्या नसलेल्या स्वॅपची दीड मिनिट वाट बघत बसते. लोक म्हणतात नवीन डिस्ट्रोने जुनी स्लो केली. बीएलकेआयडी कमांडने नवा यूयूआयडी बघून बदला.

नौपाड्याचा_नाना

"कधीकधी" म्हणे. अनुभवाचे बोल.

घोडबंदर_रोड

बरं मग माझाही एक. गेमिंगची डिस्क एनटीएफएस आहे, दिसते पण स्टीमचे गेम चालत नाहीत. आता टोमणा नाही, खरंच विचारतोय.

वागळे_इस्टेट_वाला

स्टीमचं प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं) जे फोल्डर बनवतं त्यात लिनक्सच्या लिंक आणि कोलनवाली नावं असतात, एनटीएफएसवर त्याचं नीट जमत नाही. वर ताईंना दिलेला विंडोज_नेम्स तुम्ही घातलात तर मुळीच नाही चालणार. गेमसाठी सरळ ईएक्सटी४ करा. एनटीएफएसचं जागच्या जागी ईएक्सटी४ होत नाही, डेटा दुसरीकडे हलवून फॉरमॅट, मग परत आणणे. ईएक्सटी४च्या ओळीत यूआयडी, यूमास्क लिहायचं नाही, ते ऑप्शन तिथे चालतच नाहीत, माउंट झाल्यावर एकदा सीएचओन करून फोल्डर स्वतःच्या नावावर करा. आणि डेटाच्या डिस्कवर ५ टक्के जागा रूटसाठी राखीव जाते, २ टीबीत ती जवळपास १०० जीबी होते, ट्यून२एफएस डॅश एम ० ने ती मोकळी करून घ्या. रूट पार्टिशनवर मात्र असं करू नका.

कोपरखैरणे_सेक्रेटरी

धागा वाचत होतो, आमचंही विचारतो. सोसायटीच्या ऑफिसात एक लिनक्स मशीन आहे, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभासदांची कागदपत्रं, कॅमेऱ्याचं काही रेकॉर्डिंग. एका मुलाने सेट करून दिलं होतं, तो आता बंगळुरूला असतो. रोज रात्री बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर जातो, एफएसटॅबमध्ये नोफेलसकट ओळ आहे, मी पाहिली. पण वॉचमन किंवा कोणीतरी मोबाइल चार्ज करायला ती डिस्क काढतं. आणि गेल्या आठवड्यापासून मशीन लॉगिनचा पासवर्ड घेतं आणि परत लॉगिनवरच येतं. ही डिस्कची भानगड आहे का?

वागळे_इस्टेट_वाला

सेक्रेटरीसाहेब, जवळपास खात्रीने सांगतो, तुमची एसएसडी भरलीय.

झालं असं असणार. माउंट पॉइंट म्हणजे काय तर एक साधा रिकामा फोल्डर, डिस्क जोडली की तिच्यातला माल तिथे दिसतो. डिस्क काढलेली असेल तर फोल्डर तसाच असतो, रिकामा, आणि तो असतो एसएसडीवर. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट येते, तिला फोल्डर दिसतो, ती निमूटपणे सगळं त्यात ओतते. नोफेलमुळे कोणी तक्रारही करत नाही. असं होत होत रूट भरलं की डेस्कटॉपला स्वतःच्या छोट्या फाइली लिहायला जागा उरत नाही आणि लॉगिन गोल गोल फिरतं.

आणि याचा वाईट भाग पुढे. दुसऱ्या दिवशी कोणी डिस्क परत लावली की ती त्याच फोल्डरवर जोडली जाते आणि खाली पडलेला बॅकअप झाकला जातो. मग डीयू (फोल्डरांनी खाल्लेली जागा मोजणारी कमांड) मारा, फाइल मॅनेजरने शोधा, जागा कोणी खाल्ली ते सापडत नाही, डीएफ (अख्ख्या पार्टिशनची जागा सांगणारी कमांड) मात्र भरलंय म्हणतं. माणसं चक्रावतात.

लॉगिन स्क्रीनवर कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, काळा टर्मिनल येईल, तिथे लॉगिन होतं का बघा. झालं तर सुडो माउंट दोन डॅश बाइंड, मग तिरकी रेघ, मग /एमएनटी/तपास (हा फोल्डर आधी करून घ्या). आता रूट पार्टिशन कोऱ्या नजरेने तिथे दिसेल, त्यावर दुसरं काही चढलेलं नसेल. त्याच्या आत बॅकअपच्या फोल्डरात डोकावा.

टर्मिनलताई

आणि पुढे असं होऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सुडो सीएचएटीटीआर प्लस आय मारा. मग त्यात रूटलाही काही लिहिता येत नाही, पण डिस्क त्याच्यावर नेहमीसारखी जोडता येते. बॅकअप चुकीच्या जागी जाण्याऐवजी एरर देऊन थांबेल. दुसरं, स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट डॅश क्यू आणि फोल्डरचा पत्ता, तिथे काही जोडलेलं नसेल तर बाहेर पड, अशी ओळ घाला. बॅकअप सिस्टमडीच्या सर्व्हिसमधून चालत असेल तर त्यात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर आणि फोल्डरचा पत्ता अशी ओळ घाला. नोफेलवाल्या डिस्कसाठी मशीन थांबत नाही ना, त्यामुळे सर्व्हिस आधी आणि डिस्क मागून असाही घोळ होतो, तो पण त्याने मिटतो.

एक्स्टर्नल डिस्कच्या ओळीत नोफेलसोबत एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१० घाला. मग डिस्क चालू होताना जोडली जात नाही, त्या फोल्डरला कोणी हात लावला की तेव्हा जोडली जाते, आणि डिस्क नसेल तर दहा सेकंदांत नाही म्हणून मोकळं. काढ-घाल होणाऱ्या डिस्कला हेच बरं.

नौपाड्याचा_नाना

आणि वॉचमनला एक चार्जर घेऊन द्या हो. मेंटेनन्स घेता ना.

कोपरखैरणे_सेक्रेटरी

चार्जरचा ठराव कमिटीसमोर ठेवतो 🙏

काळ्या टर्मिनलमध्ये लॉगिन झालं. डीएफने रूट १०० टक्के दाखवलं. बाइंड करून आत गेलो तर सांगितलंत तसंच, बॅकअपच्या फोल्डरात तारखेवार फोल्डर पडलेत, एक्स्टर्नल डिस्कवर बरोबर त्याच तारखा नाहीत. हे सरळ उडवू का? लॉगिन व्हायलाच हवंय, उद्या पावत्या काढायच्या आहेत.

खाडीपलीकडची

मध्येच बोलते, माझे सगळे रोल नव्या पत्त्यावर गेले, कवट्या गेल्या, काल विंडोजमधून बंद करून आज उघडलं तरी लिहिता येतंय. ताई आणि वागळेदादा, आभार. नाना तुमचेही, बघायला डिस्क्स अ‍ॅपच बरं पडतं. सेक्रेटरींचं चालू द्या.

वागळे_इस्टेट_वाला

सेक्रेटरीसाहेब, सगळं उडवू नका. त्या तारखांचा बॅकअप दुसरीकडे कुठेच नाही, आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मूळ जागेवर ठरावीक दिवसांनी पुसलं जात असेल तर जुन्या दिवसांची ती एकुलती एक प्रत असेल. डिस्क जोडलेली आहे ना याची फाइंडएमएनटीने खात्री करा, मग /एमएनटी/तपास मधून आरसिंकने (कॉपी करणारी कमांड) सगळं एक्स्टर्नल डिस्कवर हलवा. आरसिंक नीट संपला, डिस्कवर तारखा दिसल्या, दोन-चार पीडीएफ उघडून बघितल्या, की मग इथलं उडवा. पावत्यांची घाई असेल तर सगळ्यात जुनी एक तारीख आधी हलवून पुसा, तेवढ्या जागेत लॉगिन होईल. झाल्यावर सुडो यूमाउंट /एमएनटी/तपास, मग एक्स्टर्नल डिस्क काढून सीएचएटीटीआर.

कोपरखैरणे_सेक्रेटरी

जुनी तारीख हलवली, डेस्कटॉप आला. बाकीचं आरसिंक चालू आहे, यूएसबी २ च्या पोर्टला लावलंय बहुतेक, रात्रभर चालेलसं दिसतंय. डिस्कवर चिठ्ठी चिकटवलीय, "काढू नये".

सेक्टर१७

मागच्या निळ्या पोर्टला लावा साहेब, निळं असलं की बहुधा ३ असतं. पण आत्ता नको, आरसिंक संपू दे.